दोन तारखेची दुपार

“दारं कुणाच्या सांगण्यावरून उचलली?” केळुसकरसाहेबांनी विचारलं.

“माझ्या.”

“तारीख आणि वेळ?”

“पाच ऑगस्ट. सकाळी दहा.”

“किती दारं?”

“सहाही.”

“सहाही,” केळुसकर स्वतःशीच म्हणाले आणि लिहून घेणाऱ्या कारकुनाचं पेन थांबेपर्यंत गप्प राहिले.

आंबोरी धरणाच्या विश्रामगृहातला हॉल होता तो. ऑक्टोबरची दुपार. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून टेबलावर नदीतले गोटे ठेवले होते. केळुसकर निवृत्त मुख्य अभियंता. चौकशीसाठी सरकारनं त्यांना नेमलं होतं. समोर खुर्चीच्या कडेवर बसले होते ते नलवडेसाहेब. धरणाची दारं कधी उचलायची आणि किती उचलायची, हे ठरवणारे अभियंते. भिंतीला लागून, मांडीवर चार रजिस्टरं घेऊन, मी.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि धरणाच्या पूर नियंत्रण कक्षात कंत्राटी होते. धरणाच्या वरच्या डोंगरात पाऊस मोजणारी चार केंद्रं होती. तिथले आकडे बिनतारी यंत्रावरून यायचे, ते मी रजिस्टरात उतरवून कॉम्प्युटरमध्ये भरायचे. कॉम्प्युटर त्यावरून धरणात किती पाणी येणार याचा अंदाज काढायचा, आणि तो कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. माझं काम एवढंच.

“उचलली नसती तर?” केळुसकरांनी विचारलं.

“पाणी धरणाच्या माथ्यावरून गेलं असतं, साहेब. मातीचं धरण आहे. माथ्यावरून पाणी गेलं की ते उभं राहत नाही.”

“पण उचलली म्हणून मळेघरला चौदा फूट पाणी आलं.”

“हो.”

“आणि सात माणसं गेली.”

“हो.”

खिडकीशी मळेघरची माणसं दाटीवाटीनं उभी होती. त्यांतून एक बाई ओरडली, “खाल्ली यानं! सात माणसं खाल्ली!” शिपाई धावला. नलवडेसाहेबांनी मान वळवली नाही.

पाच तारखेच्या सकाळी साडेआठला त्यांनी स्वतः तहसीलला फोन केला होता, भोंगाही वाजवला होता. निरोप मळेघरला पोचायला साडेअकरा झाले. मग गावातल्या एकानं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, म्हाताऱ्याकोताऱ्या आणि बायापोरं तीत घातली आणि ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पलीकडच्या शाळेत न्यायला निघाला. पाणी पुलावर गुडघाभर होतं. ट्रॉली मध्यावर असताना नदीचा फुगवटा आला. ट्रॅक्टर अडकून राहिला, ट्रॉली गेली.

हे सगळं मला पाठ होतं, कारण जबाबांच्या प्रती मीच टाइप करत होते. ऑगस्टपासून मला काही वाटायचं थांबलं होतं. भूक लागायची, जेवण जायचं, एसटीत झोपही लागायची. फक्त कशाला चव नव्हती. आई म्हणायची, “रडून घे एकदा.” मी म्हणायचे, “कशाला?” आणि खरंच कळत नसे, कशाला.

त्या आठवड्यात मी मिरजेला मुजावरसरांकडे गेले.

इक्बाल मुजावरसर तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. दोन वर्षांपासून ते एक प्रोग्राम तयार करत होते. धरणाची दारं कशी चालवायची, हे त्यानं आपलं आपण शिकायचं. त्यासाठी बावीस वर्षांच्या पावसाचे आणि पाण्याचे आकडे हवे होते. ते त्यांना पुरवायचं काम ऑफिसनं माझ्याकडे दिलं होतं. पुढे सुट्टीच्या दिवशी मी हौसेनं जायला लागले. पडद्यावर छोटंसं धरण, सहा रेघांची सहा दारं. सुरुवातीला प्रोग्राम वेड्यासारखा दारं उघडायचा, मिटायचा. गावंच्या गावं बुडवायचा. हजारो पावसाळे बुडवून झाल्यावर हळूहळू शहाणा व्हायला लागला.

एकदा मी विचारलं होतं, “सर, एका पावसाळ्यात तो चारशे वेळा ठरवतो. शेवटी त्याला एकच आकडा कळतो, गाव वाचलं की बुडलं. मग त्या चारशेतलं कुठलं बरोबर आणि कुठलं चूक, हे कळतं कसं?”

सर हसले होते. त्यांचे वडील पैलवान. कुठलीही गोष्ट ते आखाड्यात नेऊन सांगायचे.

“कुस्ती पाहिलीस कधी? गडी चितपट झाला की लोक म्हणतात, ढाकेचा डाव लागला म्हणून पडला. अब्बा म्हणायचे, ढाक लागायच्या आधीच तो पडला होता. तीन मिनिटांपूर्वी त्यानं मनगट सोडलं, तिथं. जाणता माणूस कुस्ती बघताना दर क्षणाला मनात अंदाज बांधत असतो: आता हा जिंकणार, आता जड जाणार. तो अंदाज ज्या क्षणाला ढासळतो, त्या क्षणाची चूक. शेवटच्या क्षणाची नव्हे. हा प्रोग्राम तेच करतो. दर तासाला स्वतःलाच विचारतो, इथून पुढं काय होईल? एक पाऊल टाकल्यावर अंदाज खाली आला, तर दोष त्या पावलाचा. वर गेला, तर श्रेय त्या पावलाचं.”

“पण सुरुवातीला त्याला अंदाज कुठून येणार?”

“नसतोच. आधी फक्त शेवटचा तास कळतो. मग कळतं की त्या तासात आपल्याला आणणारा आधीचा तास वाईट होता. मग त्याच्या आधीचा. शहाणपण असं उलटं, मागं मागं झिरपत जातं. वेळ लागतो.”

त्या ऑक्टोबरात मी गेले ती ऑगस्टची रजिस्टरं पिशवीत घालून. म्हणाले, “सर, हा एक पावसाळा चालवून बघायचाय. यातली पाच तारखेची सकाळ किती दोषी निघते, तेवढं सांगा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “नलवड्यांसाठी?”

“हो. सगळे म्हणतायत त्यांनी दारं उचलली म्हणून माणसं मेली.”

“चौकशीत हे कुणी मानणार नाही, उज्ज्वला.”

“नाही मानलं तर नाही. मला तर कळेल.”

आकडे भरायला दोन तास गेले. पावसाचे आकडे मी केंद्रांवरच्या वह्यांमधून घेतले होते. तिथले निरीक्षक रोजचा पाऊस हातानं वहीत लिहितात आणि महिना संपला की वही पोस्टानं पाठवतात. ते आकडे पक्के.

सरांनी प्रोग्राम चालवला. पडद्यावर एक रेघ उमटत गेली, गाव वाचण्याची शंभरपैकी किती आशा आहे ती. एक ऑगस्टला नव्वदच्या आसपास. पाच तारखेला, दारं उचलायच्या आधी, चार. उचलल्यावर सहा.

“बघितलंस?” सर म्हणाले. “दारं उचलल्यानं दोन वाढलेत. तुझ्या साहेबांनी त्या सकाळी जे केलं, ते बरोबरच केलं. करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.”

“मग रेघ पडली कुठं?”

त्यांनी बोट मागे मागे नेलं आणि एका जागी टेकवलं. कड्यावरून तुटावी तशी रेघ तिथे तुटली होती. सत्त्याऐंशीवरून एकदम एकतीस.

“दोन ऑगस्ट, दुपारी दोन,” सरांनी वाचलं. “दारं बंद ठेवायचं ठरलं. त्या वेळी दोन दारं दोन दोन फूट उचलली असती, तर पाण्याला तीन दिवस मिळाले असते. सावकाश गेलं असतं. मळेघरच्या पायऱ्या भिजल्या असत्या, बस. पुढच्या दोन दिवसांत डोंगरातलं पाणी उतरलं, मग धरणात जागाच उरली नाही.” ते खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे दोष साहेबांचाच. फक्त लोक म्हणतात त्या दिवसाचा नव्हे. पण काय गं, एवढा पाऊस दिसत असताना नलवड्यांसारख्या माणसानं दारं बंद ठेवली?”



सरांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरमधले आकडे काढले. दर आठवड्याला मीच त्यांना ते पाठवत असे. दोन्ही रकाने त्यांनी शेजारी शेजारी लावले. तीन केंद्रं जुळत होती. चौथं कोळंबवाडी. धरणात येणारं निम्मं पाणी एकट्या कोळंबवाडीच्या डोंगरातून यायचं. वहीत दोन तारखेला पाऊस एकशे नव्वद मिलिमीटर. ऑफिसच्या रकान्यात शून्य.

“हे काय?” सर म्हणाले. “बाकी तिन्हीकडं दीडशे आणि इथं शून्य?”

त्यांनी शून्य ठेवून प्रोग्राम पुन्हा चालवला. दोन तारखेच्या दुपारी पडद्यावरच्या धरणानं सहाही दारं बंदच ठेवली.

“घ्या. या आकड्यावर यानंसुद्धा तेच केलं असतं. बिचाऱ्या नलवड्यांनी वेगळं काय केलं?”

“मग दोष कुणाचा, सर?”

“याला विचारशील तर कुणाचाच नाही. याच्या लेखी दार उचलणं आणि न उचलणं, एवढाच निर्णय. पावसाचा आकडा म्हणजे याला परिस्थिती. जे दिलं ते खरं धरून हा चालतो. परिस्थितीला दोष कसा देईल?” मग एकदम त्यांनी विचारलं, “हे आकडे भरतं कोण?”

“ऑफिसातून येतात,” मी म्हणाले.

बाहेर पडले तेव्हा चार वाजले होते. मिरज स्टँडवर एक वडापाव घेतला आणि सगळा खाल्ला. शेजारच्या बाकावर एक बाई मुलीच्या वेण्या घालत होती, ते एसटी येईपर्यंत पाहत बसले.

एक तारखेच्या संध्याकाळपासून कोळंबवाडीचं बिनतारी यंत्र बंद होतं. दोन तारखेला सकाळी आठला आकडा आला नाही, बाराला आला नाही. दीडला मी अंदाजाचा कागद काढायला बसले. कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममधलं एक घर रिकामं ठेवलं तर तो पुढे जात नसे, लाल चौकट यायची. दोनदा तीनदा बटण दाबून पाहिलं. मग त्या घरात शून्य टाकलं. चौकट गेली. कागद निघाला. मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि डबा खायला गेले. डब्यात पडवळाची भाजी होती. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वसाहतीत नलवडेसाहेबांच्या घरी गेले. त्यांना निलंबित केलं होतं, पण चौकशी संपेपर्यंत क्वार्टर सोडायला सांगितलं नव्हतं. दार काकूंनी उघडलं.

“ये. पुढच्या अंगणातनंच आलीस का? कुणी बघितलं तर नाही?”

“बघितलं तर बघू दे, काकू.”

“तसं नव्हे गं. तुझी नोकरी आहे.” त्यांनी पाणी आणून दिलं. “बोल त्यांच्याशी. माझ्याशी दोन महिन्यांत चार वाक्यं बोललेत.”

साहेब मागच्या पडवीत कढीपत्त्याच्या रोपाला आळं करत होते. हात मातीचे. मी कागद पुढे धरला, सगळं सांगितलं. सरांचा प्रोग्राम, रेघ, दोन तारीख. ते ऐकत होते की नाही कळेना. खुरपं चाललंच होतं.

“आणि साहेब, कोळंबवाडीचं शून्य मी टाकलं. आकडा आला नव्हता. फॉर्म पुढं जात नव्हता म्हणून मी…”

“माहितीय मला.”

मी पुढे धरलेला कागद खाली घेतला.

“त्या दिवशी कागद हातात घेतला तेव्हाच दिसलं होतं,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं या डोंगरात काढलीत मी. ऑगस्टात कोळंबवाडीला शून्य? एवढं न कळायला मी काय काल आलोय?”

“मग मला विचारलं का नाही?”

त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. हात झटकले. “सकाळपासून वरनं तीनदा फोन आला होता. पाणी सोडू नका. गेल्या वर्षी धरण भरलं नव्हतं, उन्हाळ्यात बोंब झाली होती. यंदा पंधरा ऑगस्टला भरलेलं दिसलं पाहिजे, काय वाटेल ते करा. मी म्हणत होतो, पाऊस मोठाय. ते म्हणत होते, आकडे दाखवा. तेवढ्यात तुझा कागद आला. त्यात धोका दिसत नव्हता.” त्यांनी रोपाचं एक पिवळं पान खुडलं. “ते शून्य मला सोयीचं होतं, उज्ज्वला. तुला हाक मारून विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस. मग मला भांडावं लागलं असतं. मी सही केली.”

“वरच्या फोनचं चौकशीत सांगा ना.”

“फोनला साक्षीदार नसतो.”

“मग मी शून्याचं सांगते.”

“गप्प बस.” आवाज चढला नाही, पण काकू आतून दारात आल्या. “तू काही सांगायचं नाहीस. माझी चाकरी झालीय. तुझी अजून सुरू व्हायचीय. एका सहीपायी दोन माणसं कशाला?”

काकूंनी पोहे केले होते. आम्ही तिघं खात बसलो. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं किंवा लाज तरी वाटायला हवी होती. पोह्यात मीठ कमी पडलंय, एवढंच जाणवलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौकशीचा शेवटचा दिवस होता. केळुसकरांनी मला रजिस्टरं घेऊन पुढे बोलावलं. एकेक पान उलटत ते म्हणाले, “या नोंदी तुमच्या हातच्या?”

“हो साहेब.”

“बरोबर आहेत?”

तो नेहमीचा प्रश्न होता. त्यांचं बोट पुढच्या पानावर गेलंसुद्धा होतं.

“एक बरोबर नाही,” मी म्हणाले.

हॉलमध्ये नलवडेसाहेब तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. सांगितलं. मोजक्या शब्दांत, टाइप केल्यासारखं.

केळुसकरांनी चष्मा काढला. “त्या दिवशी तिथं पाऊस किती होता?”

“एकशे नव्वद.”

“आणि तुम्ही शून्य लिहिलंत. कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. घर रिकामं सोडता येत नव्हतं.”

“मग कुणाला तरी विचारायचं.”

“हो.”

“विचारलंत?”

“नाही.”

त्यांनी चष्मा परत घातला. मग माझ्या डोक्यावरून मागे बघत म्हणाले, “नलवडे, तुम्हाला याची कल्पना होती?”

साहेब उभे राहिले. आता ते ‘नाही’ म्हणाले असते तर मोकळे झाले असते. तो एकच शब्द. मी वाट पाहत होते.

“होती,” ते म्हणाले. “शून्य मी पाहिलं होतं. ते खोटं आहे हे मला कळलं होतं. खात्री करणं माझं काम. या मुलीचा संबंध नाही.”

“लिहा,” केळुसकर कारकुनाला म्हणाले.

बाहेर आल्यावर साहेब माझ्याशी बोलले नाहीत. जीपमध्ये बसता बसता फक्त म्हणाले, “सांगितलं होतं तुला.” रागानं नव्हे. थकून.

अहवाल पुढच्या जूनमध्ये आला. साठ पानांचा. पाच तारखेला दारं उचलण्याचा निर्णय ‘विलंबाने व अपुऱ्या पूर्वसूचनेसह’ घेतला, म्हणून नलवडे जबाबदार. दोन तारखेबद्दल अडीच ओळी होत्या: माहितीच्या नोंदीत त्रुटी आढळली, पद्धत सुधारावी. माझं नाव कुठेच नव्हतं. नलवडेसाहेबांना सक्तीनं निवृत्त केलं. ते आणि काकू त्यांच्या गावी निघून गेले. माझं कंत्राट त्याआधीच, मार्चमध्ये संपलं होतं. ते वाढवलं नाही, पण कुणी काही बोललंही नाही. मुजावरसरांना मी तोवर सगळं सांगून टाकलं होतं. ते इतकंच म्हणाले, “त्या दिवशी स्टँडपर्यंत सोडायला यायला हवं होतं मी.” आणि प्रोजेक्टवर मला सहायक म्हणून घेतलं.

अहवाल येऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी तीनच्या सुमारास कॉलेजच्या आमच्या खोलीच्या दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा, उंच, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. चपला त्यानं बाहेर काढल्या होत्या.

“वाघमोडेबाई तुमीच का?”

“हो. या ना. चपला असू द्या.”

“न्हाई, ऱ्हाऊ द्या भाईर.” तो आत आला, पण बसला नाही. “मी हिंदुराव येवले. मळेघरचा. ट्रॅक्टर माझा हुता.”

त्याचा जबाब मी टाइप केला होता, त्याला पाहिलं नव्हतं. ट्रॉलीत त्याची बायको होती, भावाची दोन पोरं होती. बाकी चौघं शेजारची.

मी खुर्ची पुढे केली. तो कडेवर बसला आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघायला लागला.

“नलवडेसायबांकडं गेलतो,” तो म्हणाला. “त्यास्नी बोल लावलाता आमच्या गावानं, मीबी लावला. म्हणलं, एकदा जाऊन यावं. त्यांनी तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, मिरजंत कंप्युटर हाय, त्यो दर टायमाचं माप काढतो. कुणाचं किती चुकलं त्ये सांगतो.”

“काढतो. पण…”

“माझं काढा.”

खोलीत सर नव्हते. बाहेरच्या मैदानात कुठली तरी कवायत चालली होती, शिट्टी ऐकू येत होती.

“हिंदुराव, यात फक्त धरण आहे,” मी म्हणाले. “दारं आहेत, पाऊस आहे. पूल नाही यात.”

“मग घाला की. मी सांगतो सगळं. लिवून घ्या.”

मी काय करत होते मला ठाऊक नाही, पण वही ओढली आणि लिहायला लागले. निरोप साडेअकराला. ट्रॉली जोडली पावणेबाराला. माणसं गोळा करायला अर्धा तास. पुलाशी बारा पस्तीस. पाणी गुडघ्याच्या खाली चार बोटं. पुलाशी तो उतरला होता, काठी घालून पाहिलं होतं. वाट फिरवून वरच्या पुलानं गेलं असतं तर चार किलोमीटर.

“ट्रॉलीतनं म्हाताऱ्या म्हणत हुत्या, हिंदुराव, मागं फिर,” तो म्हणाला. “लिवलं?”

“लिहिलं.”

“मंग मी म्हणलो, जातंय. बारा चाळीस झालं असतील.”

मी पेन थांबवलं. पानावर त्याच्या वेळा एकाखाली एक ओळीनं लागल्या होत्या. त्या प्रोग्राममध्ये घालता आल्या असत्या. पाण्याचा वेग मला माहीत होता, अंतर माहीत होतं.

“हिंदुराव, ऐका,” मी म्हणाले. “तुम्ही पुलावर आलात तेव्हा रेघ पार खाली गेली होती. ती तिथं पडलीच नाही. ती तीन दिवस आधी पडली, आणि ती माझ्यामुळं. वरच्या डोंगरातला पावसाचा आकडा आला नव्हता. तिथं मी शून्य भरलं. त्यामुळं दारं वेळेवर उचलली गेली नाहीत. हे मी चौकशीत सांगितलं, पण कुणी… ते तुमचं नाही. तुम्ही निरोप मिळाल्यावर एक मिनिट फुकट घालवलं नाहीत. तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता उठेल, मारेल, शिव्या देईल. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

“शून्य म्हंजे पाऊसच न्हाई, असं लिवलं तुमी?”

“हो.”

“वय काय तुमचं?”

“पंचवीस.”

“माझ्या धाकट्या भनीएवढ्या.” त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. “बरं. तुमचं तुमच्यापाशी. सायबांचं सायबांपाशी. आता माझं सांगा.”

“मी तेच सांगतेय. तुमचं काही निघत नाही यात.”

“निघंल, निघंल. नीट बघा.”

“खरंच नाही निघत, हिंदुराव. देवाशपथ.”

त्यानं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, कॉम्प्युटरकडेही न बघता, दाराबाहेरच्या आपल्या चपलांकडे बघत तो बोलला.

“ती म्होरंच बसली हुती ट्रॉलीत. अक्षी माझ्या पाठीशी. मला म्हणली, अवो, जाईल का? मी मागं बघितलं आन् म्हणलो, जातंय. तू गच धर. त्येच शेवटचं बोलणं झालं आमचं, बाई. तुमी म्हणताय त्यात माझं कायच न्हाई. सगळं आधीच झाल्यालं. मंग त्ये बोलणं बी माझं न्हाई का? त्ये बी तुमच्या शून्यातलंच? न्हाई. त्ये मी म्हणलोय. माझ्या तोंडानं म्हणलोय, तिला. चुकलं असंल तर चुकलं. पर तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या.”

मैदानावरची शिट्टी थांबली होती. मी वहीतलं ते पान काठाला पट्टी लावून सरळ फाडलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते वाचलं नाही. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, वरून हात दाबला आणि विचारलं, “आमच्याकडची यष्टी किती वाजता हाय?”

“सव्वाचारला आहे एक.”

“मंग निघतो.”

मी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले.